लाल गाडी आणि दाजींचा नारळ

आमच्या अंगणात वर्षभर मातीची एक मोटारगाडी पडून होती. घाटनांदुरातला येणारा-जाणारा तिच्याकडे बघायचा आणि फाटकातूनच विचारायचा, "मास्तर, ह्यो गणपती कावून झोपलाय?" मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि दरवर्षी घरी शाडूचे गणपती करतो, त्यामुळे लोकांचंही फारसं चुकत नव्हतं. पण तोच विनोद रोज ऐकून माणूस चिडतो. मी तर लगेच चिडतो.

त्या गाडीचं मूळ केस कापायच्या दुकानात होतं. लहानपणी तिथल्या भिंतीवर एक कॅलेंडर लटकलेलं असे, त्यावर लाल रंगाची, बिनटपाची, दोनच माणसांची बसकी गाडी. साल उलटून गेलं तरी दुकानदाराने ते काढलं नाही, कारण माझ्यासारखी पोरं त्यासाठी मुकाट्याने मान खाली घालून बसायची. चाळिशी ओलांडल्यावर, घरात एक मोटारसायकल सोडली तर कधीही कुठली गाडी नसताना, मी बायकोला म्हणालो की तशीच गाडी आपण घरी करू. ती म्हणाली, "आधी मोटारसायकलचा आरसा बसवा." पण चार दिवसांनी तिनेच अंगणातल्या वांग्या-मिरच्या उपटून जागा करून दिली. मी तिला शब्द दिला की गाडी झाली की पहिली फेरी आपल्या दोघांची, अंबाजोगाईला देवीच्या दर्शनाला.

मला माती कळते, लोखंड कळत नाही. लोखंड कळणारे आमचे दाजी, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. धर्मापुरीला त्यांचा ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनवण्याचा कारखाना आहे. भंगारात निघालेली एक छोटी गाडी त्यांच्याच ओळखीतून मिळाली. तिचं इंजिन आणि चाकं आम्ही घेतली. सांगाडा दाजींनीच जोडला, हे मी कधीच नाकारलं नाही. पहिला सांगाडा त्यांनी सवयीप्रमाणे ट्रॉलीच्या तब्येतीचा केला. इंजिनाला तो हलेना, मग त्यांनी हसत हसत दुसरा हलका केला. रविवारी यायचे, जेवायचे, वेल्डिंग करायचे, पुन्हा चहा घ्यायचे. मला ते दिवस फार आवडायचे. आता त्याच दिवसांचा जास्त राग येतो.

बाकी सगळं अंगणात झालं. बांबूच्या कामट्या, वर गोणपाट, त्यावर माती, गणपतीला करतो तसंच. पंचमीला माहेरी आलेली बहीण साडीचा पदर खोचून माझ्याबरोबर माती मळायला बसली. "दादा, हिचं पोट मोठं झालंय," म्हणाली, आणि खरंच झालं होतं, मी ते दुसऱ्या दिवशी तासलं. मातीवर मेण, मेणावर फायबर आणि रेझिन, असा साचा निघाला. त्या साच्यातून गाडीचं अंग. रेझिनच्या वासाने बायकोचं डोकं दुखायचं, तरी तिने आतल्या बैठकांना लाल रेक्झिनची कव्हरं शिवली. डावं दार बिजागरीवर जरा खाली बसायचं. ते थोडं उचलून ओढलं की आवाज न करता लागायचं. रंग झाल्यावर दुरुस्त करू, असं मी ठरवलं होतं.

गाडी पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला सुरू झाली. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा असते, म्हणून दाजी म्हणाले, गाडी पण तिथंच आणू. आम्ही ती ट्रॉलीत घालून धर्मापुरीला नेली. वेल्डिंगची मशीन, हातोडे, कटर, सगळ्यांना हळद-कुंकू लागलं आणि शेवटी गाडीपुढे नारळ आला. आसपासचे दुकानदार, ट्रॉल्यांची गिऱ्हाइकं, सगळे जमले होते. नवीन गाडीपुढे नारळ तिच्या मालकाने फोडायचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. बायको माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "तुम्ही फोडा."

मी म्हणालो, "दाजी असताना?"

आमच्या घरात बहिणीच्या नवऱ्याचा मान पहिला. ताटावर बसायचं तर आधी दाजी, फेटा बांधायचा तर आधी दाजींना. त्यांच्या कारखान्यात, त्यांच्या लोकांसमोर मीच पुढे होऊन नारळ फोडला असता तर माझ्या बापाने वरून शिव्या घातल्या असत्या. मी नारळ दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदा "छे छे, तुमी" म्हटलं. एकदाच. मग फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दाजींच्या कपाळाला गुलाल लावला. एका म्हाताऱ्याने माझ्या हातावर खोबरं ठेवत सांगितलं, "तुमच्या दाजीनं लई भारी गाडी केली बघा." मी हसून खोबरं खाल्लं.

रंगासाठी गाडी तिथेच राहिली. दिवाळीच्या आत आणून देतो, असं ठरलं होतं.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी शाळेत एका सहकाऱ्याने मोबाइल पुढे केला. कुणीतरी दाजींची मुलाखत घेऊन टाकली होती. मागे माझी गाडी, लालबुंद, कॅलेंडरवरच्यासारखी. दाजी सांगत होते की लहानपणी केस कापायच्या दुकानात एक चित्र पाहिलं होतं. आधी बांबू, मग गोणपाट, मग माती, असं ते हाताने हवेत आकार काढून दाखवत होते. तो हात फिरवायची लकब माझी होती. मला गाडी गेल्याचं त्या क्षणी कळलंसुद्धा नाही. माझं लहानपण दुसरा माणूस स्वतःचं म्हणून सांगतोय, एवढंच दिसत होतं, आणि सहकारी म्हणत होता, "सर, तुम्ही पण मदत केली असेल की थोडी?"

मी बाहेर येऊन फोन लावला. दाजी शांत होते.

"मास्तर, रागावू नका. लोकांनी इचारलं, मी सांगितलं."

"गाडी कोणाची आहे दाजी?"

"आता असं इचारता का? खंडेनवमीला साऱ्या बाजारासमोर नारळ कोणी फोडला? तुमीच दिला ना हातात?"

"तो मान होता."

"मग मान दिलेला कुणी परत घेतं का?"

मी बहिणीला फोन द्यायला सांगितलं. वाटलं, हिने माती मळली आहे, ही तरी बोलेल. ती म्हणाली, "दादा, जाऊ दे ना. मला हितं नांदायचंय." मी फोन ठेवला. दाजींनी मला फसवलं होतं. पण त्यांचा विचार करताना मला नुसता संताप यायचा, बहिणीचा विचार आला की मी भरल्या ताटावरून उठायचो. तिची अडचण मला कळत होती आणि तरीही मी तिला माफ केलं नाही. भांडलो असतो तर भोगायला तिलाच लागलं असतं. दाजींनाही हे चांगलं ठाऊक होतं.

भाऊबीजेला ते दोघं गाडीतूनच आले. गल्लीतली पोरं मागे पळत होती. दाजी स्टीअरिंगवर, शेजारी माझ्या बायकोच्या जागेवर, तिने शिवलेल्या रेक्झिनवर, नव्या साडीत माझी बहीण. मी फाटकापर्यंत सामोरा गेलो. पाय धुवायला पाणी दिलं. दाजींना टोपी-टॉवेल दिला. बहिणीने ओवाळलं, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही तिच्या हातातल्या निरांजनाकडेच बघत राहिलो.

चहा झाल्यावर दाजी उठले. "चला मास्तर, एक चक्कर मारून आणतो तुमाला." बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. भांडी फार जोरात घासली जात होती. बहीण ओसरीवर उभी राहून पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत विनवणी होती. मी गेलो. डाव्या बाजूला बसलो.

"दार दणकून लावू नका," दाजी म्हणाले. "फायबर हाय. जरा उचलायचं आन मग वढायचं."

मी दार उचललं, ओढलं. आवाज झाला नाही.

"जमलं की," दाजी म्हणाले. "लवकर शिकलात."