बगितलं का आयकलं?

ब्रिगेडकाका कुणालाही "या, बसा" म्हणत नसत. आधी माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत, मग त्याच्या पाठीमागे आणखी कोणी आहे का ते बघत, आणि मग विचारत, "कुठून आलास?" नारपोलीत माझं कापड विणणाऱ्या लूमच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकानाबाहेरच्या बाकावर ते रोज सकाळी चहाला येत. पण म्हणून माझी सुटका होती असं नाही. "काका, घरून आलो. दुसरीकडून कुठून येणार?" असं म्हटलं की ते चहा फुंकत म्हणत, "असंल." त्या 'असंल'चा मला भयंकर राग यायचा.

काका टेमघरचे, आगरी, लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. तोंडात सदा ब्रिगेड, म्हणून गल्लीनं त्यांना ब्रिगेडकाका करून टाकलं. कुणी विचारायची खोटी, माझ्या काउंटरवरचे नटबोल्ट ओढून ते मांडणी सुरू करत. "ह्यो सेक्शन, धा मानसं. असे तीन म्हंजे एक प्लाटून. तीन प्लाटून, एक कंपनी. अशा चार कंपन्या आनि वर दुसरा लवाजमा, म्हंजे झाली पलटन. आनि तीन पलटनी झाल्या की ब्रिगेड." मांडून झालं की एक बोल्ट ते बाजूला ठेवत. "आनि ह्यो ब्रिगेडचा हेडक्वार्टर. ह्याचा काम एकच. तिन्ही पलटनी काय सांगतात त्याच्यावर इस्वास ठेवायचा न्हाय."

त्यांच्या ब्रिगेडचा इतिहासही ते सांगत, पण तोही असाच. पलटणींना म्हणे खूप जुना इतिहास असतो, झेंडे असतात, आजोबा-पणजोबांच्या गोष्टी असतात. ब्रिगेडला तसलं काही नसतं. पलटणी येतात, दोन-तीन वर्षं राहतात, बदलून जातात. ब्रिगेड आपली त्याच डोंगरावर बसलेली. त्यांच्या वेळेला एक पलटण आपल्याकडची, एक पहाडी, एक पंजाबी. एकमेकांची भाषा धड कळत नाही, जेवण आवडत नाही, आणि प्रत्येकाला वाटतं आपणच शूर. "मंग खरा कोन बोलतंय ते कोनी ठरवायचं? आमी," म्हणत ते छातीवर बोट ठेवत.

आता गंमत बघा. एवढं सगळं सांगणारा हा माणूस लढाईची एकही गोष्ट सांगत नसे. दोन पेग घेतलेले सगळे निवृत्त फौजी आमच्याकडे एकट्यानं शत्रूची चौकी घेतात. काका नाही. त्यामुळे आम्हालाच त्यांचा संशय येऊ लागला. समोरच्या कारखान्याचे मालक युनूसभाई, कोकणी मुसलमान, काकांचे शाळेपासूनचे दोस्त. तेसुद्धा एकदा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "दिनू, हा खरंच फौजमध्ये होता, की भटारखान्यात कांदे कापत होता?"

आणि तरी दोघांची जोडी तुटायची नाही. गुडघे दुखायला लागल्यावर युनूसभाई त्यांना आपल्या गाडीतून अकलोलीच्या गरम कुंडावर नेत. काका गाडीत बसण्याआधी चारही टायर लाथेनं तपासत. कुंडात पाय सोडून बसल्यावर म्हणत, "ह्यो पानी आपोआप तापतं, असं मी आयकलंय." जमिनीखाली कोणीतरी जाळ घालत असावा, हा संशय त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नसावा.

हे 'आयकलंय' त्यांचं खास. कोणतीही बातमी आणा, त्यांचा प्रश्न तयार. "बगितलं का आयकलं?" वीज जाणार आहे, अमक्याची सून माहेरी गेली, तमक्याचा कारखाना विकला. बगितलं का आयकलं? पोरं त्यांची नक्कल करत. मीही वैतागून एकदा म्हटलं, "काका, माणसानं काही ऐकायचंच नाही का?" तर म्हणाले, "आयक ना. पन आयकलेलं बगितलं म्हनून सांगू नको."

एका सकाळी शिफ्ट बदलायच्या वेळेला आमच्या गल्लीत चादरी विकणारा एक परका माणूस सापडला. सापडला म्हणजे काय, चालत होता बिचारा. पण आदल्या दिवसापासून सगळ्यांच्या मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ फिरत होता. कोणीतरी ओरडलं, "इसने बच्चे को बिस्किट दिया!" बघता बघता रात्रपाळीचे आणि दिवसपाळीचे दोन्ही लोक जमले. त्याचं गाठोडं फुटलं, चादरी चिखलात गेल्या, एक कानफटात बसली, पायातल्या चपला कुठे उडाल्या ते कळलं नाही. मी पोलिसांना फोन लावला, पण पुढे गेलो नाही. तो माणूस मरणार असं मला स्पष्ट दिसत होतं.

काका बाकावरून उठले. गर्दीत शिरले आणि सरळ त्या माणसाची कॉलर धरली. गर्दीला वाटलं, म्हातारा आपल्याच बाजूचा. "ह्यो आता माझ्या कबज्यात," ते गरजले. "ह्याला हात लावायचा तर पयला माझ्यावर टाका." आणि मग तोच प्रश्न. "ज्यांनी डोल्यांनी बगितलं, ते भिंतीला उभे ऱ्हा. ज्यांनी आयकलं, ते नलाजवल. देखनेवाले इधर, सुननेवाले उधर. चला!"

आवाजच असा की लोक खरोखर हलले. नळाजवळ दाटी झाली. भिंतीपाशी एकच बाई गेली.

"काय बगितलंस?"

"बिस्कीट देताना बघितलं."

"कोनाला?"

"माझ्याच पोराला."

"पोर कुठं हाय?"

बाईचा आवाज खाली आला. "घरात. जेवतोय."

मागचे लोक आधी निघाले, मग मधले, आणि गल्लीत लूमची खटखट पुन्हा ऐकू येऊ लागली.

आता कुणाला वाटेल, काकांनी त्या माणसाला पोटाशी धरलं असेल. छे! माझ्या दुकानात बसवून त्याला चहा पाजला आणि गाव, बाप, तालुका तीन तीनदा उलटसुलट विचारला. बिस्कीट का दिलंस, म्हणून दरडावलं. तो रडत म्हणाला, गावी त्याचं त्या पोराएवढंच लेकरू आहे. काका म्हणाले, "हे आयकलं. बगितलं न्हाय." पोलीस येऊन चौकशी करून त्याला रेल्वे स्टेशनला सोडायला निघाले, तेव्हा मात्र काकांनी पायातल्या चपला काढून त्याच्यापुढे सारल्या. मी बघतोय म्हटल्यावर गुरकावले, "अनवानी सोरला तर म्होरच्या नाक्यावर परत संशय घेतील."

गल्ली शांत झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. मी काही विचारलं नव्हतं, तरी ते बोलले.

"हेडक्वार्टरला मी टेलिफोनवर होतो. धुकं होतं. एका पलटनीची खबर आली, नाल्यात दुश्मन हाय. बगितलं का आयकलं, ते मी इचारलं न्हाय. बगितलं, म्हनून वर कलवलं. इकरून गोली सुटली. नाल्यात आमचीच दुसरी पलटन होती."

"कोणी गेलं?"

"एक पोर. सुटीवर आलो तवा त्याच्या गावाला गेलो." त्यांनी अनवाणी पायांवरचा चिखल पुसला. "त्याची आय मी बगितली, दिनू."

त्या दिवसानंतर त्यांच्या 'असंल'चा मला कधी राग आला नाही. मला त्या माणसाचा लळा लागला, हे सरळच सांगतो. ते आले नाहीत की सकाळचा चहा मला गोड लागत नसे.

गेल्या थंडीत ते आजारी पडले. इस्पितळात डॉक्टरांनाही विचारत, "कुठून आलास?" एका दुपारी मी मोटार उघडून बसलो होतो आणि युनूसभाईंचा फोन आला.

"दिनू, काका गेले रे."

मी काय बोलतोय ते मलाच कळलं नाही. "बघितलं का ऐकलं?"

युनूसभाई रागावले नाहीत.

"बघितलं," ते म्हणाले. "हात माझ्याच हातात होता."