लाल पाण्याचा शोध

हसू नका म्हणून सांगण्यात अर्थ नाही, हसालच. तर ऐका माझी फजिती!

बाबा आनंदनगरच्या कारखान्यात होते तेव्हा दसऱ्याला आम्ही सगळे नटूनथटून तिकडे जायचो. बाबांच्या मशीनला झेंडूचा हार, हळद-कुंकू आणि आम्हाला पेढे. काय थाट होता! अजून आठवलं की बरं वाटतं. आता बाबा रिटायर झालेले. कात्रपच्या फ्लॅटमध्ये दसऱ्याला पूजा करायची तर कशाची? मिक्सरची?

गेल्या दसऱ्याला मी एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये गळ्यापर्यंत बुडालेली. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन निघतो. तो भराभर निघावा म्हणून लागतो उत्प्रेरक. चांगला उत्प्रेरक म्हणजे प्लॅटिनम, ते कुठून आणणार? म्हणून मी निकेलच्या जाळीवर लोखंडाचा स्वस्तातला थर चढवत होते. चढता चढेना मेला! सरांनी बजावलेलं, "दिवाळीपर्यंत काहीतरी दाखव, नाहीतर विषय बदलू."

कॉलेज बंद, म्हणून जाळी घरीच खिडकीत वाळत ठेवली आणि सोनं द्यायला शेजारीपाजारी गेले. परत येऊन बघते तर काय, जाळीवर पिवळा-तांबूस थर! धावतच बॅटरी शोधून आणली हो मी. ग्लासातल्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात जाळी बुडवली, बॅटरी जोडली. बुडबुडे तर आलेच, पण पाणी लाल!

"बाबाऽऽ! नवीनच काहीतरी सापडलं!"

झालं! बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. "आमच्या पोरीने शोध लावला, आता पाण्यावर गाड्या धावणार!" मीही कमी नाही, सरांना फोन केला. बिचारे सणाचं ताट अर्धं टाकून रिक्षाने आले.

सरांनी बराच वेळ ग्लासात पाहिलं. मग ताज्या कॉस्टिकच्या पाण्यात डब्यात ठेवलेली माझी दुसरी जाळी बुडवली. बुडबुडे आले, पाणी मात्र जसंच्या तसं.

"पहिल्या जाळीला कोणी हात लावलेला?"

"मी," बाबा हळूच म्हणाले. "दसरा ना सर. माझं मशीन गेलं, आता पोरीचं मशीन ते हेच. हळद-कुंकू वाहिलं जरासं. चुकलं का काय?"

रागावणार कोणावर? माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

सर मात्र पोट धरून हसत खुर्चीत बसले. "जाऊ दे, विषय नाही बदलत. पण अगं, हळद अशा पाण्यात लाल होते, हा प्रयोग शाळेत केला नव्हतास?"

"केला होता सर," मी पुटपुटले. "पैकीच्या पैकी मार्क होते."