सोजराबाईंचा खरा समुद्र

दुसरबीडचा निवृत्ती फोटोवाला सुधारणा केल्याशिवाय कुणाच्या हातात फोटो देत नसे. नवरदेवाला कोट नसला तर तो कॉम्प्युटरवर कोट चढवायचा, मिटलेले डोळे उघडायचा, सावळं वऱ्हाड गोरं करायचा. जोडप्यांच्या मागे समुद्र टाकायचा. निळाशार, नारळाच्या झाडांसकट. अख्ख्या गावाच्या मागे तो एकच समुद्र होता, आणि निवृत्तीनं स्वतः समुद्र कधी पाहिलेला नव्हता.

रामराव एसटीत कंडक्टर होते, आता घरी असत. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा फोटो काढायचं ठरलं. त्यांच्या बायकोनं, सोजराबाईंनी, दुकानात येऊन निवृत्तीला बजावलं.

"मागच्या टायमाले तू मले माह्या नणंदेची मान लावली होती. आता खऱ्या समुद्रावर चाल. अन् फोटो जसा निघंल तसाच पाहिजे. त्याले बोट नाही लावायचं."

निवृत्तीलाही समुद्र बघायचाच होता. जीप ठरली आणि दुसऱ्या दिवशी तिघं अलिबागला पोचले. समोर ओली वाळू आणि चिखल, फार लांब एक चकाकती रेघ.

"समुद्र कुठी हाय बे?" रामरावांनी विचारलं.

निवृत्तीलाही ते ठाऊक नव्हतं. शेजारचा भेळवाला म्हणाला, "ओहोटी आहे काका. पाणी दुपारनंतर येईल."

"टायमावर येते का?"

"रोज थोडं उशिरा येतं."

"म्हंजे लेट गाडी हाय," रामराव म्हणाले आणि वाळूत बैठक मारून त्यांनी पिशवीतली भाकर काढली.

दुपारनंतर पाणी आलं. निळं नव्हतं, गढूळ होतं. निवृत्तीचं तोंडच उतरलं. तरी त्यानं दोघांना पाण्यात उभं केलं, स्वतः समोर वाकला आणि म्हणाला, "काकू, जराशा हसा."

तेवढ्यात मोठी लाट आली. रामरावांची टोपी गेली. चारचौघांत बायकोपासून हातभर लांब चालणाऱ्या त्या माणसानं सोजराबाईंचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला. सोजराबाई ओरडल्या. निवृत्ती पाण्यात बसकण मारून बसला, पण कॅमेरा त्यानं डोक्यावर उंच धरला होता आणि बटण दाबलं गेलं होतं.

फोटोत दोघांची तोंडं उघडी, लुगडं चिंब, समुद्र तिरपा. मागे एक कुत्रं अंग झटकत होतं.

गावी परतल्यावर निवृत्तीला राहवेना. त्यानं दुकानात गुपचूप फोटोतलं रामरावांचं तोंड मिटवायला घेतलं, तर दारात सोजराबाई.

"राहू दे. पन्नास वर्षांत त्यायनं पहिल्यांदा असं धरलं मले. त्या कुत्र्यालेही हात लावू नको."

फोटो जसाच्या तसा छापून रामरावांच्या दिवाणखान्यात लागला. गाव बघायला आलं आणि कुणालाच तो खरा वाटेना. शेजारचे किसनराव म्हणाले, "हे तं खडकपूर्णेच्या धरणाचं पाणी हाय. समुद्र निळा असते. निवृत्तीच्या दुकानात पाहिला आपण."

रामराव भडकले. आत जाऊन त्यांनी प्रवासातली चप्पल आणली. तिच्या पट्ट्यावर मिठाची पांढरी रेघ वाळली होती.

"धरणाचं पाणी खारट राह्यते काय? चाटून पाहा."

सगळे हसले. किसनराव मात्र तत्त्वाचे माणूस. त्यांनी चप्पल हातात घेतली, उजेडात धरून नीट पाहिली आणि पट्ट्याला जीभ लावली.

"खारट हाय," ते म्हणाले, आणि अन्नपूर्णाबाईंकडे, म्हणजे आपल्याच बायकोकडे, वळून त्यांनी पाणी मागितलं.

"घरी चला," त्या म्हणाल्या. "इथं नका मागू."

त्यानंतर निवृत्तीच्या दुकानात गिऱ्हाइकं वेगळंच मागू लागली. आमच्याही मागे असं कुत्रं टाक, म्हणत. त्यानं दोघातिघांना टाकूनही दिलं.

दिवाळीनंतर तो आपल्या बायकोला, सुचिताला, घेऊन अलिबागला गेला. तिनं मोबाईलवर त्याचा एकच फोटो काढला. कपाळाच्या वर निवृत्ती नाहीच. तो त्यानं दुकानाच्या काचेत दर्शनी लावला आहे. कुणी विचारलं, "भाऊ, डोकं कुठी गेलं?" तर तो सांगतो, "बायकोनं काढला," आणि पुढचा कोट चढवायला घेतो.