किर्रकिर्र आणि उदबत्ती

शेजारच्या घरात काय चाललंय हे कळलं नाही, तर शीलाला जेवण पचत नाही. त्यात डोंबिवलीतल्या तिच्या बिल्डिंगीच्या भिंती पातळ. पलीकडे सुमतीताईंकडून ऐन दुपारी किर्रकिर्र आवाज यायचा आणि मागोमाग उदबत्तीचा वास. रोज. ही काय देवपूजेची वेळ? शेवटी शीलाने जिन्यात जाहीरच करून टाकलं, "सुमतीताई कॉम्प्युटरची पूजा करतात!"

कॉम्प्युटर होताच तसा देवघरात शोभणारा. सुमतीताई वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झाल्या, तेव्हा कंपनी तो मोडीत काढत होती. यांनी प्रिंटरसकट घरी आणला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, इंटरनेटचा पत्ता नाही. मुलगा केदार वैतागलेला. "आई, माझ्या लॅपटॉपला जमणार नाही असं एक तरी काम याला येत असेल तर राहू दे. नाहीतर पाडवा झाला की भंगारवाला."

हे कानावर पडल्यावर शीला घरात थांबते कसली! साखर मागायला रिकामी वाटी घेऊन थेट आत.

प्रिंटरमधून सलग कागद उलगडत होता. त्यावर अक्षर एक नाही, नुसते ठिपके. आणि सुमतीताई उदबत्तीच्या टोकाने एकेका ठिपक्याला भोक पाडत होत्या.

"अगोबाई, रांगोळीचा कागद!"

"मग? तुला काय वाटलं?"

"काही नाही," शीला रिकाम्या वाटीत बघत म्हणाली.

पाडव्याला लिफ्टपासून गेटपर्यंत एकसंध रांगोळी, असा बेत होता. केदारचा प्रिंटर सुटे कागद काढणार. ते चिकटवले की सांध्यावर रांग वाकडी झालीच. याचा कागद मात्र हवा तेवढा लांब.

आणि नेमकं आदल्या दिवशी, गेटकडचा तेवढा भाग छापायचा राहिला असताना, ठिपके फिके झाले, मग दिसेनासेच. प्रिंटरची शाईची रिबिन वाळली होती. ठाण्यातला दुकानदार फोनवर हसला. "आजी, तो प्रिंटर अजून चालतो?"

केदारने कोरा कागद उचलला. "संपलं गं, आई."

सुमतीताईंनी तो घेतला, उगाच बोटं फिरवत राहिल्या. आणि थबकल्या. शीला मदतीला आलेलीच होती.

"शीला, हात लाव बरं इथे."

बारीक बारीक खळगे! शाई संपली तरी प्रिंटरच्या सुया ठोकतच होत्या.

"अहो, पण दिसतायत कुठे?"

"खिडकीशी तिरका धर, दिसतील. आपल्याला भोकंच तर पाडायचीयत. केदार, उदबत्ती पेटव."

केदारने काडी ओढली.

पाडव्याला सकाळी कागद अंथरला, वरून रांगोळी फिरवली. उचलताना गेटकडचं टोक केदारनेच धरलं होतं. लिफ्टपासून गेटपर्यंत ठिपक्यांची रांग कुठेही वाकडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सांगितल्याप्रमाणे भंगारवाला आला. केदारने त्याला दारातच थांबवलं.

"कॉम्प्युटर द्यायचा नाहीये, भाऊ. पण कुठे याची रिबिन सापडली तर आणून द्याल?"

"दोन आणा हो!" आतून शीलाचा आवाज आला.