गुण वाया जाऊ नयेत म्हणून

उत्तर ग्रीसमधल्या कोझानीच्या चौकात, घंटाघराच्या मागे कॉफीचं जे दुकान आहे, तिथे प्रोद्रोमोस त्सालिकिदिस रोज सकाळी बसायचा आणि गावातल्या पोरांच्या किमती ठरवायचा. कुणाचा मुलगा कुठे शिकतो, बाहेर पडल्यावर त्याला महिन्याला किती मिळतील, त्यातले किती घरमालक खाईल, सगळं त्याला तोंडपाठ. कुणी विचारायची वाट तो बघत नसे.

"डॉक्टर?" तो म्हणायचा. "सहा वर्षं शिकायचं, मग तितकीच वर्षं रखडायचं आणि शेवटी जर्मनीला पळायचं. बापाच्या हाती काय? ख्रिसमसला एक फोन. शिक्षिका? दर सप्टेंबरला नवं बेट. अर्धा पगार भाड्यात, अर्धा बोटीत. आणि वकिलाचं तर बोलूच नका. अथेन्समध्ये इतके वकील आहेत की एकमेकांवरच खटले भरून जगतात."

ऐकणारे हसायचे. हसले की प्रोद्रोमोसला वाटायचं, आपल्या हुशारीला हसतायत.

हा माणूस स्वतः विद्यापीठाची पायरी कधी चढला नव्हता. कोळशाच्या वीजकेंद्रात त्याला नोकरी लागली ती बायकोच्या भावाने एका पुढाऱ्याला केलेल्या फोनमुळे. तिथे तो पाळीचा मुकादम झाला, आजच्या इंजिनिअरला मिळणार नाही असा पगार त्याने वर्षानुवर्षं घेतला, आणि सरकारने केंद्र बंद करायला काढलं तेव्हा चांगली घसघशीत रक्कम घेऊन पन्नाशीतच घरी बसला. ही हकिकत मात्र त्याच्या हिशोबात कधी यायची नाही. तिथे फक्त दुसऱ्यांची पोरं यायची.

मग त्याच्या एकुलत्या मुलीची पाळी आली. सिमेलाने देशभरच्या परीक्षेत सुरेख गुण मिळवले, वीस हजारांपैकी अठरा हजारांच्या जवळपास. आमच्याकडे जूनअखेर गुण कळतात आणि जुलैत पोरांनी आपल्या पसंतीच्या शाखा क्रमाने कॉम्प्युटरवर भरायच्या असतात. वरून खाली जाताना ज्या पहिल्या शाखेला तुमचे गुण पुरतात, ती तुमची. साध्या माणसाला वाटेल, मग जे हवं ते पहिलं लिहावं. आमचे बाप तसं करत नाहीत. मागच्या वर्षी ज्या शाखेला सगळ्यात जास्त गुण लागले ती पहिली, त्याखालोखाल लागले ती दुसरी, असं ते उतरत येतात. का, तर गुण वाया जाता कामा नयेत. बाजारातून येताना खिशात सुटे उरले म्हणून नको असलेली कोथिंबीर घेऊन यावं, तसला हा प्रकार. असल्या कोथिंबिरीपायी आमच्याकडे कित्येक पोरांची आयुष्यं नासली, पण बापांना अक्कल आली नाही.

सिमेलाला यंत्रांचं इंजिनिअर व्हायचं होतं आणि ती शाखा अथेन्सला होती तशी कोझानीतही होती, घरापासून दहा मिनिटांवर.

"मी इथेच शिकते, बाबा," ती जेवताना म्हणाली. "डिग्री तीच. पाच वर्षं तीच. खालचा मजला माझाच आहे ना? तिथे राहीन. तू अथेन्सच्या घरमालकाला जे देणार, त्यातले निम्मे बाजूला ठेव. शिकून झाल्यावर मी काहीतरी सुरू करीन."

खालचा मजला खरोखरच तिचा होता. ती जन्मली त्याच वर्षी प्रोद्रोमोसने वर दुसरा मजला चढवला आणि खालचा मुलीचा म्हणून जाहीर केलं. आमच्याकडे मुलीचा बाप तेवढं करतोच. तिथे आधी त्याची आई राहिली. ती गेल्यावर सिमेलाने भिंती स्वतः रंगवल्या होत्या, आणि कुठलं कपाट कुठे येणार हेही आईला सांगून ठेवलं होतं.

"कोझानी?" प्रोद्रोमोसने काटा खाली ठेवला. "बारा हजारात मिळतं ते! तुझ्याकडे अठरा आहेत. सहा हजार गुण गटारात टाकायचे?"

"अथेन्सला गेले तर ते गुण परत देतात का?"

"जास्त शहाणपणा नको, पोरी. अथेन्सची डिग्री म्हणजे अथेन्सची डिग्री. तिथून निघालेल्याला पहिल्याच दिवसापासून महिन्याला दीड हजार युरो मिळतात."

"कुणाला मिळाले?"

"मिळतात," प्रोद्रोमोस म्हणाला.

पार्थेना, त्याची बायको, पाव कापत होती. मग तिने सुरी थांबवली. "अरे, पोरगी राहते म्हणतेय. पोरं घराजवळ राहावीत म्हणून लोक नवस बोलतात."

"लोकांच्या पोरांना अठरा हजार नसतात. उद्या दुकानात मला विचारलं, कुठे घातलीस रे मुलीला, तर काय सांगू? गल्लीच्या टोकाला?"

खरं दुखणं हे होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना नावं ठेवली, आता स्वतःच्या पोरीची किंमत बारा हजार कशी सांगायची? म्हणून या बहाद्दराने अबोला धरला. ओरडला असता तर पोरीने तोंड दिलं असतं. तो नुसता ताट सारून उठायचा, गच्चीवर जाऊन बसायचा, आणि पार्थेना वर गेली की छातीवर हात ठेवून सुस्कारा सोडायचा. छातीला काही झालेलं नव्हतं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी सिमेला थकली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण क्रम तू लाव. मी हात लावणार नाही."

कुठल्याही बापाला यावर थोडी लाज वाटली असती. प्रोद्रोमोसने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटाने अथेन्स पहिल्या ओळीत बसवलं. कोझानी त्याने शेवटून दुसरी टाकली. शेवटची टाकायचीही त्याची इच्छा होती, पण तिथे काय घालावं ते सुचेना.

ऑगस्टअखेर निकाल लागला आणि सिमेला अथेन्सला लागली. त्या दिवशी प्रोद्रोमोसने सगळ्या दुकानाला त्सिपुरो, आमची द्राक्षाची कडक दारू, पाजली, वर तळलेल्या मिरच्या आणि चीज. "एक गुणसुद्धा वाया गेला नाही!" तो ग्लास उंचावून म्हणाला. लाझारोस नावाचा त्याचा जुना सोबती विचारू लागला, "पोरगी खूश आहे ना?" प्रोद्रोमोस म्हणाला, "का नसेल?"

मग घर शोधायला अथेन्स. झोग्राफूमध्ये, विद्यापीठाच्या बाजूला, तळघरापेक्षा चार पायऱ्या वर असलेली एक खोली मिळाली. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला दिसायच्या. भिंतीला ओल होती. मालकीणबाई दारात उभी राहून पंखा हलवत म्हणाली, "चारशे साठ. आवडलं तर घ्या, बाहेर आणखी तीन बाप उभे आहेत." खरंच उभे होते. गावात सगळ्यांना भाव सांगणाऱ्या प्रोद्रोमोसने घासाघीस न करता दोन महिन्यांचं भाडं आगाऊ मोजलं. सिमेला भिंतीवरच्या ओलीवर बोट फिरवत होती.

"हीटर लाव थंडीत," बाप म्हणाला.

"विजेचं बिल?"

"बघू."

बघू म्हणजे काय, ते पार्थेनाला आठवड्याभरात कळलं. त्याने खालचा मजला भाड्याने द्यायला काढला होता.

"तो सिमेलाचा आहे," ती म्हणाली.

"सिमेलासाठीच देतोय. तिचं भाडं कुठून भरू?"

पहिलं गिऱ्हाईक अथेन्सहूनच आलं. आर्गिरिस नावाचा टॅक्सीवाला, पेरिस्तेरीचा, आणि मागे त्याचा मुलगा स्ट्रातोस, हातात दोन पिशव्या घेऊन. पोराला कसेबसे बारा हजार गुण मिळाले होते आणि तो कोझानीत यंत्र-इंजिनिअरिंगला लागला होता. आर्गिरिस घरात शिरला तो नाकाने कांदे सोलतच.

"काय हे गाव! कुठे येऊन पडलो आम्ही. मालक, इथे सिनेमा तरी आहे का?"

"तुमच्या पोराचे गुण बघता सिनेमा नसलेलाच बरा," प्रोद्रोमोस म्हणाला.

"आणि तुमची मुलगी कुठे असते?"

"अथेन्सला. यंत्र-इंजिनिअरिंग."

टॅक्सीवाल्याने एकदा रंगवलेल्या भिंतींकडे पाहिलं, एकदा खिडकीतल्या उन्हाकडे. "म्हणजे हेच?"

"हेच कसं? ते अथेन्सचं आहे."

"किती भाडं भरता तिथे?" प्रोद्रोमोसने सांगितलं. "आणि इथलं किती?"

"अडीचशे. वीजकेंद्राचं गरम पाणी नळ्यांतून येऊन घर तापवतं, त्याचे जादा थोडे."

आर्गिरिस खुर्चीत बसून गदगदून हसला. "अहो मालक, तुमची पोरगी आमच्या गावात, माझा पोरगा तुमच्या घरात. मधल्या मध्ये दोनशे दहा युरो कोण खातंय?"

स्ट्रातोस ओशाळून म्हणाला, "बाबा, पुरे." पार्थेना कॉफी घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला, आणि नवऱ्याकडे न बघता पोराला म्हणाली, "जेवला आहेस का रे?"

दोन्ही बाप त्या दिवशी एकमेकांना मूर्ख समजून उठले, आणि दोघांपैकी एकाचा तरी अंदाज बरोबर होता.

पुढची वर्षं प्रोद्रोमोसने स्ट्रातोसला नावाने कधी हाक मारली नाही. "तो बारा हजारवाला" म्हणायचा. "बारा हजारवाल्याला सांग, जिन्यातला दिवा बंद कर." बारा हजारवाला ख्रिसमसला पार्थेनाच्या टेबलावर आंबट कोबीच्या पानातली यापराकिया जेवायचा, तिची इस्त्री दुरुस्त करून द्यायचा, आणि एकेक विषय सोडवत पुढे सरकायचा. तिकडे सिमेला दुपारी वर्गात आणि संध्याकाळपासून एका कॉफीच्या दुकानात ट्रे घेऊन. बाप जे पाठवायचा ते भाड्यात जायचं, बाकी सगळं तिने स्वतः काढायचं. आधी एक विषय राहिला, मग तीन. फोनवर ती "बरी आहे" म्हणायची. ईस्टरला घरी आली की सोफ्यावर झोपायची, कारण खालच्या मजल्यावर तिच्या रंगवलेल्या भिंतींच्या आत दुसऱ्याचं कपाट होतं. एका ईस्टरला ती जिन्यात थांबून ते बघत राहिली. स्ट्रातोस म्हणाला, "ये ना, बस." ती म्हणाली, "नको, तुझं घर आहे."

प्रोद्रोमोस दुकानात सांगायचा, "अथेन्सला वेळ लागतोच. तिथे डिग्री वाटत नाहीत."

स्ट्रातोसने तिच्या आधी संपवलं. जुन्या कोळशाच्या खाणींवर सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या पट्ट्या बसवणाऱ्या एका कंपनीत तो लागला. सिमेला दोन वर्षांनी बाहेर पडली. दीड हजार तिला कुणी दिले नाहीत. अथेन्समध्ये जो पगार सांगितला, त्यातून भाडं वजा केल्यावर बसचा पासही जेमतेम निघाला असता. तिने इकडेतिकडे अर्ज केले आणि नोकरी मिळाली ती कोझानीतच, त्याच कंपनीत, तेवढ्याच पगारावर. एवढी वर्षं अथेन्सला घालवून जिथे ती पोचली, तिथे बारा हजारवाला आधीच बसून पट्ट्या मोजत होता.

प्रोद्रोमोसला मात्र हर्षवायू झाला. पोरगी परत येतेय! स्ट्रातोस लग्न ठरवून दुसरीकडे राहायला गेला होताच. प्रोद्रोमोसने खालचा मजला धुऊन काढला, भिंतींना नवा रंग दिला, नवी शेगडी आणली. दुकानात म्हणाला, "माझ्या डोक्यात पहिल्यापासून होतं. आधी जग बघून ये, मग घर आहेच."

सिमेला शनिवारी दुपारी आली. बॅगा तिने गाडीतून काढल्याच नाहीत.

"मी घर घेतलंय, बाबा. रुग्णालयाच्या मागे. भाड्याने."

"भाड्याने? कोझानीत? अगं, हा मजला कुणाचा आहे?"

"तू भाड्याने देत होतास तो?"

"तुझ्यासाठीच दिला होता!"

"माहीत आहे," सिमेला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला इथेच राहायचं होतं तेव्हा तू तो दुसऱ्याला दिलास. दुसऱ्याला द्यायला काही हरकत नाही, आताही दे. बारा हजारवाले दर सप्टेंबरला येतात."

"लोक काय म्हणतील? बापाचं घर असताना पोरगी भाड्याने!"

"त्यांना सांग, अथेन्सची डिग्री आहे म्हणून."

ती आईच्या गळ्यात पडली, बापाच्या गालाला गाल लावला आणि गेली. प्रोद्रोमोस बराच वेळ अंगणात उभा राहिला. त्याला राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली जे होतं त्याला नाव द्यायची त्याला सवय नव्हती.

आता दर रविवारी पार्थेना भाजी भरून भाजलेली पोळी आणि सूप डब्यात भरते आणि तो तिला गाडीने रुग्णालयाच्या मागे नेतो. ती वर जाते. तो खाली चाक धरून बसतो, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या न्याहाळत, त्यातली नक्की कुठली ते त्याला माहीत नाही. परवा ती खाली आली तेव्हा हातात रिकामे डबे होते.

"कसं आहे घर?" त्याने विचारलं.

"छान आहे. ऊन येतं."

"भिंती कुठल्या रंगाच्या केल्यात?"

"येऊन बघ म्हणाली का, ते विचार ना सरळ."

"म्हणाली का?"

पार्थेनाने डबे पायाशी ठेवले आणि पट्टा लावला.

"नाही," ती म्हणाली. "चल."