कपाटाची दोन भोकं

मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत मी ज्याची टर उडवली नाही असा माणूस सापडायचा नाही. पण कडुबाभाऊंची उडवलेली एक टर अजून माझ्याच घशात अडकून आहे.

कडुबाभाऊ एसटीतले मेकॅनिक. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्या, पण साळूवहिनींना कन्नड गावच्या माहेरापलीकडं कुठं नेलं नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली. आत पलंग टाकला, ओटा बांधला, गॅसची शेगडी बसवली. वहिनींना समुद्र दाखवायचा होता. जन्मात पाहिला नव्हता त्यांनी.

सिलिंडरला पत्र्याचं वेगळं कपाट केलं, आणि कपाटाच्या तळाला, थेट रस्त्याकडं उघडणारी दोन भोकं पाडली.

"हे काय भाऊ, उंदरांना स्वतंत्र दार?" मी विचारलं.

"गॅस जड असतो, पुंजाराम. गळला तर खाली बसतो. त्याला खालूनच वाट पाहिजे."

"वाट गॅसला, आणि धूळ वहिनींच्या पिठात! घाटात उंदीर हात दाखवून गाडी थांबवतील, बघा. अर्धं तिकीट लावा त्यांना."

गल्ली खदखदून हसली. वहिनीही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, खरंच लई धूळ येईल का हो?"

दुसऱ्या दिवशी भाऊंनी भोकांत चिंध्या कोंबून वरून रेक्झिन चिकटवलेलं दिसलं. मी आपला खूश.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाऊंनी गाडीतल्या शेगडीवर सगळ्या गल्लीला चहा पाजला. "अजून एक कप होऊ द्या!" हे ओरडणारा मीच. त्या गलक्यात शेगडीची कळ बंद झाली, सिलिंडरचा रेग्युलेटर तसाच चालू राहिला. नळीच्या जोडातून रात्रभर गॅस झिरपत होता, आणि त्याची वाट बुजवलेली.

सकाळी वहिनी नवी हिरवी साडी नेसून आल्या. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. उदबत्तीच्या आणि नव्या रेक्झिनच्या वासात दुसरा वास कुणाच्या लक्षात आला नाही.

"घर म्हटल्यावर उंबऱ्याला दिवा नको व्हय?" म्हणत वहिनींनी गाडीचं दार सरकवलं आणि पेटलेलं निरांजन खाली टेकवलं.

भप्पकन निळा जाळ उठला. भाऊंनी त्यांना मागं ओढलं म्हणून जीव वाचला. वहिनींचे हात मात्र कोपरापर्यंत भाजले. आता बोटं पुरती मिटत नाहीत, भाकरी थापता येत नाही.

वहिनी दवाखान्यातून घरी आल्या त्याच दिवशी भाऊंनी चिंध्या उपसून काढल्या. नळी बदलली, रेग्युलेटर बदलला, काळवंडलेला पत्रा रंगवला. पण वहिनी गाडीजवळसुद्धा जात नाहीत. "तुम्ही बघून या समुद्र. मी नाय चढायची."

परवा भाऊंनी मला हाक मारली. वहिनी घरापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या, हात मांडीवर उताणे ठेवून.

"पुंजाराम, उघडलीत बघ भोकं. बोल की आता काहीतरी उंदरांचं. तू बोललास की ती हसती. हसली तर चढंल एखादवेळी."

मी लई आठवून पाहिलं. तोंडातून एवढंच निघालं, "भाऊ, तुमचं बरोबर होतं."

"ते मलाबी ठाऊक होतं रे," भाऊ म्हणाले, आणि फडकं घेऊन गाडीची काच पुसायला लागले.