न वाचता दिलेलं उत्तर

नव्वदच्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं मी शेवगावात एका खोलीत एकटा राहत होतो. ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचो. तास संपले की बोलायला कुणी नसे. स्टाफरूममध्ये मी कुठल्याही विषयावर वाद उकरायचो, त्यामुळे मी आत शिरलो की लोक उरलेला चहा घाईनं संपवायचे. ते मला दिसत होतं. दोष त्यांचाच वाटायचा.

रविवारी सकाळची एसटी धरून करंजी घाटातून नगरला जायचो. तिथं एका गाळ्यात नवंच सायबर कॅफे निघालं होतं. परदेशातल्या आणि पुण्या-मुंबईतल्या काही मराठी लोकांनी इंटरनेटवर चर्चेचं एक पान चालवलं होतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि वाद घालायचा. मी पाथर्डी तालुक्यातल्या ऊसतोड कामगारांचा मुलगा आहे, एवढं एकदा लिहिलं आणि तिथं माझ्या शब्दाला वजन आलं. खेड्याचा विषय निघाला की कुणीतरी लिहायचं, "सरांना विचारा." मला आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं.

फोनच्या लाईनचा मात्र भरवसा नसे. "सर, आधी तुमचं टाइप करून टाका," कॅफेवाला म्हणायचा. "वाचन नंतर. लाईन गेली तर परत कवा लागंल, मलाच म्हाईत न्हाई." म्हणून मी आठवडाभर रात्री कागदावर उत्तर तयार करायचो, रविवारी ते उतरवून पाठवायचो आणि वेळ उरला तर मधल्या दिवसांत कोण काय म्हणालं ते बघायचो. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही.

त्या पानावर अमेरिकेतले एक निवृत्त गृहस्थ लिहायचे. सगळे त्यांना काका म्हणत. समोरच्याचं म्हणणं ते आधी स्वतःच्या शब्दांत मांडायचे आणि विचारायचे, "तुम्हाला हेच म्हणायचंय ना?" मगच उत्तर द्यायचे. मला ती वेळकाढूपणाची तऱ्हा वाटायची. पण माझे वडील गेले तेव्हा मी तिथं एक ओळ लिहिली होती, आणि कॉलेजात कुणी न विचारलेलं काकांनी विचारलं. वडील शेवटी काय बोलले? मला धीर यावा म्हणून त्यांनी स्वतःचंही सांगितलं. त्यांची आई गेली तेव्हा ते अमेरिकेहून आले नव्हते. नोकरी जाईल, अशी भीती वाटली होती.

एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास काकांनी लिहिलं, की मुलांना शाळेतून काढून उसाला घेऊन जाणाऱ्या आईबापांना शिक्षणाची किंमत नसते. माझ्या अंगाची आग झाली. त्या रविवारी मी सविस्तर उत्तर दिलं. कारखान्याच्या वाटेवरच्या पाचटाच्या कोप्या, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, गावात मागं म्हातारं माणूस नसलं तर पोराला ठेवायचं कुणापाशी, हे सगळं लिहिलं. काका आता शब्दांचा कीस पाडणार हे मी गृहीत धरलं आणि परत येऊन दुसरं उत्तर लिहायला बसलो.

त्याच आठवड्यात धाकटी बहीण आली. आईवडिलांनी मला बोर्डिंगात ठेवलं होतं आणि तिला बरोबर नेलं होतं. तीही आता नवऱ्याबरोबर उसाला जायची.

"दादा, पोरगी तिसरीत हाय. लई हुशार हाय म्हनतेत मास्तर. औंदा तुझ्याकडं ठिवू का तिला?"

"खोली बघतीयेस ना माझी?"

"खोलीला काय झालंय? कोपीपरीस लाख पटीनं बरी. अन् खायाला लई न्हाई लागत तिला."

"तसं नाही गं. मी एकटा माणूस. पोरीचं करणार कोण?"

"एकटा म्हंजे? मामा हाईस ना तू तिचा?"

मी कॉलेजच्या कामाचं, परीक्षांचं काहीतरी सांगितलं. ती टेबलावरच्या कागदांकडं बघत म्हणाली, "लई लिव्हावं लागतं व्हय रं तुला?" मी हो म्हणालो. त्या कागदांवर उसाच्या फडातल्या पोरांचे हालच लिहिलेले होते. चहा पिऊन ती गेली.

रविवारी मी नेहमीसारखं आधी टाइप केलं. शेवटची ओळ आठवडाभर घासूनपुसून तयार केली होती. "आईच्या अखेरच्या वेळी जो आला नाही, त्यानं आमच्या आयांना माया शिकवू नये."

"कुनाला एवढं हानताय, सर?" कॅफेवाला हसला. "तुमच्या बोटांचा आवाज सावेडीपर्यंत जातोय."

पाठवलं, आणि मग वर सरकवून वाचलं. काकांनी चार-पाच दिवसांपूर्वीच उत्तर दिलं होतं. माझं म्हणणं आधी त्यांच्या शब्दांत, आणि ते माझ्यापेक्षा नीट मांडलेलं. मग लिहिलं होतं, "माझं चुकलं. मी न विचारता बोललो. एक विचारू का? या मुलांना गावातले किंवा जवळच्या गावातले नातेवाईक ठेवून घेत नाहीत का? त्यांना काय अडचण येते? सर, तुम्हाला आतून माहीत असेल. मला समजून घ्यायचंय."

त्याच्याखाली माझी ओळ जाऊन बसली होती. पुसायची सोय नव्हती. माफी मागायला वेळ होता. "काका" एवढं टाइप केलं आणि खोडलं. माफी मागायची तर त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही द्यावं लागणार होतं.

"अजून येळ हाय की, सर."

"राहू द्या," म्हणून मी उठलो.

पुढच्या रविवारी मला शाबासकी मिळालेली होती. "सर, बरं सुनावलंत." काकांची एकच ओळ होती. "सर म्हणतात ते खरं आहे. मी गेलो नव्हतो." त्यानंतर ते तिथं दिसले नाहीत. शाबासकी मला गोड लागली, हेही कबूल करायला हवं. म्हणूनच मी बरेच रविवार गप्प राहिलो.

संक्रांतीनंतर एकदा कागद न नेता गेलो. सगळं पान वाचलं आणि मग लिहिलं. काकांची माफी मागितली. नातेवाईकाची अडचण काय असते तेही लिहिलं. त्याला संध्याकाळी शांतता लागते, त्यानं भाचीला नाही म्हटलेलं असतं आणि तो नातेवाईक मीच आहे. पुढच्या खेपेला त्याखाली एकच उत्तर होतं. "सर, तो विषय जुना झाला. आता नव्या विषयावर या."

मला माहिती होती, म्हणून त्या पानाला माझी गरज आहे असं मी धरून चाललो होतो. आतली माहिती असलेले माझ्यासारखे तिथं आणखीही होते. "माझं चुकलं" म्हणून लगेच पुढचा प्रश्न विचारणारा माणूस एकच होता. तो गेल्यावरही तिथं वाद होत राहिले, पण कुणी कुणाला काही विचारीनासं झालं. हळूहळू मीही जाणं सोडलं.

पुढच्या दसऱ्याला खोलीत दुसरी खाट आणून टाकली आणि बहीण विचारील म्हणून वाट बघत बसलो. ती आली नाही. शेवटी मीच गावी गेलो. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या चढत होत्या. पोरगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन उभी होती.

"हिला माझ्याकडं ठेव," मी म्हणालो.

बहिणीनं मान वर केली नाही. गोधडीची गाठ आवळत म्हणाली, "आता धाकट्याला कोन बघनार, दादा? तिला सवय झाली आता."